सारंगखेड्याची घोडी

तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आत्ताच परतलो. हात रिकामे, डोकं मात्र एका घोडीत अडकलंय.

मारवाडी, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं), सहा वर्षांची. कानांची टोकं एकमेकांना टेकली की नजर हटत नाही. मालक म्हणाला, "एक लाख चाळीस, भाऊ. एकदम गरीब जनावर." मी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला आणि त्या गरिबाने कान पाडून माझी बाहीच फाडली. (शर्ट लग्नातला होता. घरी अजून सांगितलेलं नाही.)

आबांनी अंगावरचे शुभ-अशुभ भोवरेबिवरे बघितले नाहीत. खोगीर उतरवायला लावलं, पाठीवरून हात फिरवला. खांद्यामागे रुपयाएवढे दोन पांढरे ठिपके. खोगिराच्या जुन्या जखमा. तिथे केस पांढरेच उगवतात. बोट दाबलं की कातडी थरथरायची.

"दुखतंय रे तिला," आबा म्हणाले. मालक लगेच वीस हजारांनी खाली आला, तिथेच मला शंका आली.

दुखणं बरं होईलही. पण चावलं की माणूस लांब होतो, हे ती शिकलीय. ते विसरायला किती महिने? आमची पोरं तबेल्यातच हुंदडतात.

उद्या सकाळी डॉक्टरांना घेऊन परत तापीकाठी. तोवर विकली गेली नाही म्हणजे मिळवलं.