सुरी आणि तिचं म्यान: आधी काय, मग काय

सुरी घडवण्यातलं एकेकटं काम फारसं अवघड नसतं. कानस चालवता आली, सरळ भोक पाडता आलं, दोन सुयांनी शिवता आलं की भागतं. चुकतो तो क्रम. पाणी दिल्यावर (म्हणजे तापवून झटकन थंड करत कडक केल्यावर) पोलादाला भोक पडत नाही, मूठ चिकटल्यावर तिची पुढची कड घासता येत नाही, आणि शिवण पुरी झाल्यावर लक्षात येतं की म्यान डावखुऱ्याचं झालंय. त्यामुळे खाली कृतीइतकंच ‘हे आत्ताच का’ यालाही महत्त्व दिलंय.

उदाहरणाला एक साधी सुरी धरू. पातं आणि मुठीतलं पोलाद एकाच अखंड पट्टीचं, दोन्ही बाजूंनी लाकूड. एकूण लांबी २२० मिमी, त्यात पातं १०५ आणि मूठ ११५. रुंदी २८ मिमी, पट्टी ३ मिमी जाड.

पोलाद १०८४ या प्रतीचं घ्यावं (असे आकडे ही पोलादाच्या प्रकारांची नावं). त्यात कार्बन साधारण ०.८ टक्के असतो आणि साध्या भट्टीत ते सहज सांभाळता येतं. १०९५ मध्ये कार्बन जास्त म्हणून लोक त्याकडे वळतात, पण त्यात मँगनीज कमी असतं, त्यामुळे ते फार झपाट्याने थंड करावं लागतं आणि साध्या तेलात अनेकदा अर्धवटच कडक होतं. गाडीचा जुना पाटा ‘बहुधा ५१६०’ असतो, आणि या ‘बहुधा’वर तापमान ठरवता येत नाही. शिवाय वापरलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. जुनी कानस वापरायची तर आधी तिचा तुकडा तापवून तेलात विझवा आणि मोडून पाहा. काही स्वस्त कानशी फक्त वरवर कडक केलेल्या असतात.

आकार आधी जाड पुठ्ठ्यावर काढून कापा आणि हातात धरून पाहा. पाते-मुठीच्या सांध्यात आतला काटकोन कुठेही ठेवू नका. २-३ मिमीची गोलाई हवीच. तेलात विझवताना तडा जातो तो हमखास अशाच कोपऱ्यातून. पट्टी हॅकसॉने रेघेच्या बाहेरून कापून बाकीचं कानशीने काढायचं.

आता भोकं. ६ मिमीच्या दोन पितळी सळयांसाठी पोलादात ६.२ मिमीची भोकं पाडा. पाणी देताना माप किंचित हलतं आणि चिकटवताना थोडी सैल जागा लागते. आधी ३ मिमीचं बिट, मग मोठं, वेग कमी, तेलाचे थेंब टाकत. मुठीच्या भागात आणखी चार-पाच भोकं पाडली तर वजन उतरतं आणि दोन्ही बाजूंचा गोंद आरपार जुळतो. पट्टी हाताने कधीच धरू नका. बिट बाहेर पडताना अडकतं आणि पट्टी पंख्याच्या पात्यासारखी गरगरते. शिकंजा लावा.

धारेकडची कड निळ्या मार्करने रंगवा. ३ मिमीचं ड्रिल बिट काचेवर आडवं ठेवून त्याच्या टोकाने कडेवर रेघ ओढा, पट्टी उलटून पुन्हा ओढा. बिटाचं टोक बरोबर निम्म्या उंचीवर असल्याने या दोन रेघा मध्याला अगदी चिकटून पडतात. मध्यापासून दोन्हीकडे ०.४ मिमी सोडून उतार घासायचा, म्हणजे कड ०.८ मिमी जाड उरते. याहून पातळ केली तर तापवताना तिच्यातला कार्बन जळतो आणि तेलात गेल्यावर ती लाटेसारखी वाकडी होते.

पाणी देणं हा सगळ्यात नाजूक भाग. आधी पातं तीनदा तापवून स्थिर हवेत काळं पडेपर्यंत थंड करायचं: अंदाजे ८७०, मग ८३०, मग ७९० अंश सेल्सियस. यामुळे आतला ताण निघतो आणि कण बारीक होतात. त्यानंतरच विझवण्यासाठी तापवायचं. लोखंड सुमारे ७७० अंशांना चुंबक सोडतं, पण १०८४ ला ८१५ च्या आसपास हवं असतं. म्हणून चुंबक सुटला की लगेच बाहेर काढण्यात अर्थ नाही, अजून एक छटा उजळ होऊ द्या. भट्टीजवळ उजेड मंद ठेवला तर एक खूण स्पष्ट दिसते: लाल पात्यात गडद सावल्या सरकू लागतात, पातळ भागाकडून जाड भागाकडे. पोलादाची आतली रचना बदलताना ते उष्णता पिऊन घेतं, त्या या सावल्या. त्या पुसल्या जाऊन रंग सगळीकडे सारखा झाला की वेळ झाली. त्यापुढे तापवत राहिलात तर कण मोठे होतात. असं पातं मोडलं की आत साखरेचे दाणे चमकावेत तसं दिसतं. नीट पाणी दिलेलं मोडलं तर आतून राखाडी आणि मखमली असतं. दहा सेंटिमीटरचा एक फालतू तुकडा आधी असा मोडून पाहिला तर पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

विझवायला ३-४ लिटर कॅनोलासारखं पातळ खाद्यतेल, झाकण असलेल्या उंच लोखंडी भांड्यात, ५० ते ५५ अंशांपर्यंत कोमट केलेलं. कोमट कशाला, तर ते जास्त पातळ असतं, पोलादाला चटकन भिडतं आणि उष्णता लवकर ओढतं. वापरलेलं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर विषारी असतो. भट्टीतून तेलात जायला एका सेकंदाहून जास्त वेळ लागता कामा नये, म्हणून भांडं हाताच्या अंतरावर. पातं सरळ उभं आत घालून पाठ-धार या दिशेने हलवायचं, जसं कापताना हलतं तसं. डावी-उजवीकडे हलवलं की एक बाजू आधी थंड होते आणि पातं वाकतं. लाल भाग पूर्ण बुडालेला असू द्या. अर्धवट बाहेर राहिला की तेल पेटतं. पेटलंच तर झाकण टाकायचं. पाणी चुकूनही नाही.

दहा सेकंदांनी बाहेर काढा. पातं अजून दीड-दोनशे अंशांच्या वर असेल तर जाड हातमोज्यात धरून किंचित वाक सरळ करता येतो. हा अवधी काही सेकंदांचाच. पूर्ण थंड झाल्यावर वाकवलं तर काचेसारखं तुटेल. मग कानस फिरवून पाहा. ती घसरली, चावली नाही, म्हणजे पाणी बसलं. चावली तरी लगेच निराश होऊ नका. वरचा पातळ थर कार्बन जळाल्याने मऊ असतो. तो काढून खाली पुन्हा तपासा.

तासाभराच्या आत टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा हलकं तापवणं: २०० अंशांना दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. कडकपणा साधारण ६० रॉकवेलपर्यंत (कडकपणा मोजायचं माप) उतरतो. घरच्या ओव्हनच्या आकड्यावर विसंबू नका. आत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि पातं वाळूच्या ट्रेमध्ये पुरा, म्हणजे चढ-उतार कमी बसतात.

यापुढचं सगळं घासकाम उघड्या हातांनी. बोटांना चटका बसला की पातं पाण्यात बुडवा. कड निळी दिसली म्हणजे ती सुमारे ३०० अंशांपर्यंत गेली, तिथलं पाणी उतरलं, आणि पुन्हा भट्टी पेटवण्यावाचून इलाज नाही. कड ०.३-०.४ मिमीवर आणा, मग १२०, २२०, ४०० असे पॉलिश पेपर. प्रत्येक पेपर आधीच्याला आडवा फिरवायचा, म्हणजे जुने ओरखडे राहिलेत का ते दिसतं. धार मात्र आत्ता लावायची नाही.

मुठीला ९-१० मिमी जाडीच्या, पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या दोन पट्ट्या. त्यांची पात्याकडची टोकं एकत्र धरून आधीच घासून चकचकीत करा. चिकटल्यावर तिथे पेपर फिरवायला गेलात तर पात्यावर ओरखडे उठणारच. चिकटणाऱ्या बाजू ६० नंबरच्या पेपरने खरखरीत करा आणि अॅसिटोनने पुसा. पाच मिनिटांचं इपॉक्सी टाळा, चोवीस तासांचं घ्या. क्लॅम्प करकचून आवळला तर गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. कडेने बारीक मणी दिसले की थांबा. पुढच्या कडेचा गोंद ओला असतानाच अॅसिटोनच्या बोळ्याने पुसा. शिसवीसारख्या लाकडाचा भुसा छातीला त्रास देतो, मास्क लावा. मुठीला जवसाचं तेल लावलंत तर त्याची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटतात. पसरून वाळवा.

आता म्यान. चामडं ३ मिमीचं, झाडाच्या सालीत कमावलेलं. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं नको: ते भिजवून घडवलं तरी आकार धरत नाही आणि त्यातल्या क्षारांनी पातं गंजू शकतं.

कागद पाठीभोवती दुमडून सुरी आत ठेवा आणि भोवती रेघ ओढा. मुठीचा ४५-५० मिमी भाग आत जायला हवा, कारण सुरी धरून ठेवतं ते मुठीच्या फुगवट्यावर बसलेलं चामडं. धारेच्या बाहेर १२ मिमी सोडा. कागदाचा साचा चामड्यावर ठेवताना वर-खाली उलटला की डाव्या-उजव्याची गफलत झालीच. साच्यावर ‘बाहेरची बाजू’ असं ठळक लिहा. पट्ट्यात अडकवायचा पदर दुमडण्याआधी शिवा. नंतर आत सुई पोचत नाही.

दोन थरांच्या मध्ये धारेच्या बाजूने ९-१० मिमी रुंद चामड्याची पट्टी घालायची. म्यानाचा कणा हीच. ती नसेल तर धार थेट दोऱ्यावर येते आणि शिवण आतून कापली जाते. तिची जाडी पात्याइतकी, म्हणजे ३ मिमी. तोंडाजवळ मात्र मूठ जाड असल्याने तिथे आणखी एक थर लागतो, आणि तो खाली रापीने (चामडं कापायच्या सुरीने) तिरका निमुळता करायचा, पायरी ठेवायची नाही. गुळगुळीत बाजू पेपरने खरवडून मग कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह दोन्हीकडे लावा, १०-१५ मिनिटं थांबा, दाबा. एकदा भिडलं की सरकवता येत नाही, तेव्हा आधी नेम धरा.

कड घासून एकसारखी करा, ४ मिमी आत रेघ ओढा, ४ मिमी अंतरावर खुणा करा आणि आरीने भोकं पाडा. आरी काटकोनात धरली नाही तर मागची ओळ वेडीवाकडी निघते. दोरा ०.८ किंवा १ मिमीचा, मेण लावलेला, दोन्ही टोकांना सुई. किती दोरा, हा घोळ नेहमीचा. ‘शिवणीच्या चौपट’ हा हिशोब दोन पातळ थरांना ठीक आहे. इथे जाडी ९ मिमी, म्हणजे एका टाक्याला प्रत्येक सुई ४ अधिक ९, असे १३ मिमी खाते. दोन सुया मिळून २६. चार मिमीला सव्वीस, म्हणजे साडेसहापट. १६० मिमी शिवणीला एक मीटर आणि हातात धरायला तीस-चाळीस सेंटिमीटर वर. शेवटी तीन टाके मागे घालून दोरा कापा.

मग म्यान कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण दीड-दोन मिनिटं. सुरीला तेल लावून प्लॅस्टिकच्या पातळ कागदात दोन वेढे गुंडाळा. हा वेढा फाटला तर चामड्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळे डाग पडतात. ते निघत नाहीत. सुरी आत घालून मुठीच्या कडेने, फुगवट्याच्या खाली, गुळगुळीत हाडाने किंवा चमच्याच्या दांड्याने दाबत आकार उठवा. नखं लावू नका, ओल्या चामड्यावर प्रत्येक ओरखडा कायमचा. सावलीत चोवीस तास. ओव्हनमध्ये वाळवलेलं चामडं आक्रसतं आणि ठिसूळ होतं.

कडा ओलसर करून लाकडाच्या तुकड्याने चमकेपर्यंत घासा, मग मेण. चामड्यावर तेल अगदी हलका एकच हात. जास्त झालं की नुकताच धरलेला आकार सैल पडतो. टोकाशी ३ मिमीचं भोक ठेवा, आत गेलेलं पाणी निघायला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. असं घडवलेलं म्यान मापाने जुळणाऱ्या दुसऱ्या सुरीलाही नीट बसत नाही.

धार आता. आधीच लावली असती तर ओलं, मऊ चामडं घडवतानाच मधली पट्टी कापली गेली असती. दोन्ही बाजूंना १८-२० अंश, एका बाजूची बर (धारेवर उठणारी धातूची बारीक कड) बोटाला पूर्ण लांबीभर जाणवेपर्यंत, मग दुसरी बाजू, शेवटी बारीक दगडावर हलक्या हाताने ती काढून टाका.

सुरी पहिल्यांदा घालताना पाठ म्यानाच्या पाठीला टेकवून सरकवा. बाहेर काढल्यावर पात्यावर चामड्याची बारीक लव दिसली तर मधल्या पट्टीचं वरचं टोक आत डोकावतंय. आत हात पोचेल तिथपर्यंत तेवढंच रापीने तिरकं काढा. आणि महिनोन्‌महिने ठेवून द्यायची असेल तर सुरी म्यानाबाहेर, तेलाचा हात देऊन ठेवा. चामडं किंचित आम्लधर्मी असतं, हवेतला ओलावा धरतं, आणि साधं कार्बन पोलाद त्यात ठिपक्याठिपक्यांनी गंजतं.