भडंगचं पाकीट

मिरजेत वाढल्यामुळे अ‍ॅम्ब्युलन्सचं अप्रूप कधीच नव्हतं. कर्नाटकच्या नंबरप्लेटच्या गाड्या रात्री-अपरात्री मिशन हॉस्पिटलकडे वळायच्या. पेशंट विमानानंही हलवतात हे मात्र सीपीएलचे, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचे, 200 तास भरून नोकरी शोधताना कळलं. (आमची जवळची धावपट्टी कवलापूरची. तिथं मी स्कूटी शिकले, विमान नाही.)

आता किंग एअर बी-200 या छोट्या एअर अ‍ॅम्ब्युलन्सवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे, दिल्लीत. नाव भारी, पण काम बरंचसं वजनाचं. स्ट्रेचर किती किलो, ऑक्सिजनचे सिलिंडर किती, नातेवाइकांच्या बॅगा किती. नातेवाईक बॅगेचं वजन हमखास कमी सांगतात. मी स्वतः उचलून बघते.

पहिल्या आठवड्यात सत्तावीस हजार फुटांवर माझ्या सॅकमधलं भडंगचं पाकीट टम्म फुगलं. आमच्या डॉक्टर मॅडम लातूरच्या. म्हणाल्या, "अगं, हेच पेशंटच्या छातीत अडकलेल्या हवेचं होतं." केबिनमध्ये दाब असतो, पण जमिनीवरचा नाही, त्या उंचीवर आत साधारण साडेसहा हजार फुटांवरची हवा असते. बंद जागेतली हवा सव्वापटीनं फुगते. चिवड्याचं ठीक आहे.

मग चेन्नई–मुंबईचा पेशंट आला. अपघात, कवटीला तडा, आत हवा शिरलेली. मॅडमनी सांगितलं, केबिनमधला दाब समुद्रसपाटीवरचाच हवा. आमच्या विमानाला ते पंधरा हजार फुटांपर्यंतच जमतं. खाली उडलं की इंजिनं इंधन जास्त पितात, म्हणजे टाक्या जास्त भरायच्या, म्हणजे वजन कुठून तरी कमी करायचं. कॅप्टननी कागद माझ्यापुढं सरकवला. मी तीनदा आकडे मांडले. सोबत दोन नातेवाईक होते, आई आणि मुलगा; त्यांतलं एकच बसणार होतं.

ते मुलाला सांगायला मीच खाली उतरले. तो म्हणाला, "आईला न्या. मी ट्रेननं येतो." आणि माझ्या हातातली त्याचीच बॅग काढून घेतली.

फ्लाइट प्लॅनच्या अठराव्या रकान्यात मेडेव्हॅक (पेशंटचं विमान) लिहिलेलं असल्यानं एटीसीनं, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणानं, सरळ वाट दिली. ढग मात्र कुणाचं ऐकत नाहीत; पंधरा हजारांवर आम्ही त्यांच्या मधोमध होतो. कॅप्टन वाट काढत होते, मी दर दोन मिनिटांनी केबिनच्या दाबाचा काटा बघत होते. आणि सॅकमधलं पाकीट. ते मुंबईपर्यंत सुरकुतलेलंच राहिलं.

रात्री रिकामं विमान घेऊन दिल्लीला निघालो, सत्तावीस हजारांवर. पाकीट पुन्हा फुगलं. तेव्हा कुठं मी ते फोडलं.