पान, जीवाणू आणि रक्त: आमच्या प्रथिन-प्रयोगशाळेची वाटचाल

कंपनी सुरू केली तेव्हा आमच्याकडे स्वतःचा मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंची वस्तुमाने मोजून ते ओळखणारे यंत्र, नव्हता. एक थंड सेंट्रिफ्यूज, उणे 80 अंशांचा एक फ्रीझर, जेल चालवायच्या टाक्या आणि आम्ही तिघे, एवढेच भांडवल. नमुने आम्ही तयार करायचो आणि एका संशोधन संस्थेच्या यंत्रावर भाड्याने वेळ घेऊन ते चालवून आणायचो. यंत्राचा वेळ तासांवर विकत घ्यावा लागला की त्यात काय घालायचे याचा विचार आपोआप आधी होतो. ती सवय आम्ही सोडली नाही. आज यंत्र स्वतःचे आहे, तरी आमचे खरे काम नमुना यंत्रात जाण्याआधीच होते, असे मी प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगतो.

याचे कारण प्रथिनांच्या स्वभावातच आहे. डीएनए थोडा असला तर पीसीआर करून त्याच्या प्रती वाढवता येतात. प्रथिनांसाठी तशी सोय नाही. नळीत जेवढे आले तेवढ्यातच भागवायचे. शिवाय पानातल्या आणि मुळातल्या पेशींची जनुके तीच असली तरी प्रथिने वेगळी असतात, आणि तीही ऊन, ताण, आजार यांनुसार बदलत राहतात. बदल टिपायचा असेल तर तो नमुना घेतल्याच्या क्षणी गोठवावा लागतो. नंतर काहीही करून तो परत आणता येत नाही.

पहिली कामे वनस्पतींची आली. दुष्काळ सोसणारे वाण आणि न सोसणारे वाण शेजारी ठेवून त्यांच्या पानांत काय फरक आहे, असे प्रश्न असायचे. पान हाताळायला अवघड असते. पेशीभर पसरलेली मोठी रिक्तिका पाण्याने भरलेली, भोवती जाड पेशीभित्तिका, त्यामुळे वजनाच्या मानाने प्रथिन थोडेच. त्यात पॉलिफेनॉल ही वनस्पतींतली रसायने आणि बहुशर्करा प्रथिनांना चिकटून बसतात. द्रवरूप नायट्रोजनमध्ये पान खलून त्याची पीठासारखी बारीक भुकटी करायची आणि ती अर्क काढण्याच्या द्रावणात पडेपर्यंत वितळू द्यायची नाही. वितळली की पानातलीच विकरे (एन्झाइम) जागी होऊन प्रथिनांचे तुकडे करू लागतात. मग ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल आणि थंड अ‍ॅसिटोनने प्रथिने खाली बसवायची आणि पुन्हा पुन्हा धुवायची. तळाशी बसलेला गोळा पांढरट दिसला तर काम पुढे सरकते. तपकिरी दिसला तर पॉलिफेनॉल अजून गेलेले नाहीत. अशा वेळी आम्ही फिनॉलची पद्धत वापरतो. ती वेळखाऊ आहे, फिनॉल त्वचेला घातक आहे, पण हट्टी पानांसाठी तिच्याइतकी भरवशाची पद्धत मला दुसरी सापडलेली नाही.

एवढे करूनही पानात रुबिस्को असतेच. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारे हे विकर पानातल्या विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत जागा व्यापते. यंत्र त्याच्याच पेप्टाइडांत, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांत, गुंतून राहते आणि ज्या प्रथिनाच्या शोधात ग्राहक आलेला असतो ते मागे पडते. हा प्रश्न पुढे रक्ताच्या कामात वेगळ्या रूपात भेटला.

जीवाणू आणि बुरशी यांची कामे त्यानंतर आली, मुख्यतः किण्वनातून विकरे तयार करणाऱ्यांकडून. इथे प्रथिन भरपूर, पण पेशी फोडणे हाच अडथळा. जाड भित्तिकेचे ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणू बारीक काचमण्यांबरोबर जोरात हलवून फोडावे लागतात, आणि त्यात उष्णता वाढते म्हणून मधे मधे बर्फात ठेवावे लागतात. एक काम मला विशेष लक्षात राहिले आहे. टाकीतले विकर शेवटच्या टप्प्यात कमी होत होते आणि कारण कळत नव्हते. आम्ही पेशींऐवजी पेशींबाहेरचा द्रव तपासला. त्यात रायबोसोमची प्रथिने दिसू लागली होती. प्रथिने तयार करणारा रायबोसोम पेशीच्या आत असतो. त्याची प्रथिने बाहेर सापडली याचा अर्थ पेशी फुटत होत्या, आणि त्यांच्याबरोबर प्रथिने तोडणारी विकरेही बाहेर पडत होती. हे कळल्यावर ग्राहकाने टाकी लवकर उतरवायला सुरुवात केली. प्रथिने मोजली म्हणजे काय हाती लागते, हे दाखवायला मला याहून चांगले उदाहरण देता येणार नाही.

या कामांच्या जोरावर कर्ज मिळाले आणि यंत्र आले. प्रथिनांसारखे मोठे रेणू न मोडता विद्युतभारित करून वायुरूपात आणण्याच्या पद्धतींसाठी जॉन फेन आणि कोइची तानाका यांना 2002 मध्ये नोबेल मिळाले. फेन यांची इलेक्ट्रोस्प्रे पद्धत आमच्या यंत्रात रोज चालते. आधी ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांची साखळी लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे तोडते, मग त्या तुकड्यांची वस्तुमाने मोजून मूळ प्रथिन ओळखायचे. आमच्याकडे सकाळचा पहिला रन ग्राहकाच्या नमुन्याचा नसतो. हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींच्या प्रमाणित पेप्टाइडांचा असतो. त्यात नेहमीएवढी प्रथिने ओळखली गेली नाहीत, तर कारण सापडेपर्यंत कोणाचाही नमुना चढत नाही. तयारीच्या खोलीत लोकरी कपड्यांना बंदी आहे, कारण केस, त्वचा आणि लोकर यांतले केराटिन प्रत्येक नळीत शिरायला टपलेले असते.

मानवी आजारांचे काम मी सर्वांत उशिरा हाती घेतले, पण या क्षेत्रात आलो ते त्याच्यामुळेच. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे असे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवले. हिमोग्लोबिनच्या साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, एवढाच तो फरक आहे, हे पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी पेप्टाइडांचे तुकडे करून शोधले. एका अमिनो आम्लाने लाल पेशीचा आकार बदलावा आणि माणसाने जन्मभर वेदना सोसाव्यात, हे विद्यार्थिदशेत शिकलो तेव्हाच पुढे काय करायचे ते ठरले.

रक्तद्रवात निम्म्याहून अधिक प्रथिन एकट्या अल्ब्युमिनचे असते. ते मिलिलिटरला 35 ते 50 मिलिग्रॅम, तर निरोगी माणसात इंटरल्युकिन-6 हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन मिलिलिटरला काही पिकोग्रॅम. म्हणजे सुमारे 10 अब्ज पटींची तफावत. पण खरा धोका त्याहून साधा असतो. रक्त काढल्यावर ते सेंट्रिफ्यूजमध्ये किती वेळाने गेले, लाल पेशी फुटल्या का, नळीत कोणते गोठणरोधक होते, यांवर आकडे बदलतात. एका प्रकल्पात रुग्णांचे नमुने वर्षानुवर्षे गोठवलेले आणि निरोगी लोकांचे ताजे, असे होते. दोन्हींत भरपूर फरक दिसला असता, पण तो आजाराचा की साठवणीचा हे कोणालाच सांगता आले नसते. ते काम आम्ही नाकारले. आता नमुने गोळा करण्याआधीच आम्ही ग्राहकाशी बसून आराखडा ठरवतो, नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा मिसळतो, आणि नीतिसमितीची मंजुरी व रुग्णांची संमती असल्याशिवाय एकही नळी स्वीकारत नाही. नावे आमच्याकडे येत नाहीत, फक्त क्रमांक येतात. आमचे अहवाल संशोधनासाठी आहेत, निदानासाठी नाहीत, हे प्रत्येक पानावर छापलेले असते.

2021 मध्ये अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने वर्तवलेल्या प्रथिनांच्या रचना सर्वांसाठी खुल्या झाल्या, तेव्हा आता मोजायचे काय उरले, असे काहींनी विचारले. आमचे काम उलट वाढले. रचना कळली तरी आज या पानात ते प्रथिन किती आहे, त्यावर फॉस्फेट कुठे बसला आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही. एक फॉस्फेट जोडला गेला की पेप्टाइडचे वस्तुमान 79.966 डाल्टनने (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) वाढते. यंत्राला तो फरक दिसतो.

सध्या आमचा बराचसा वेळ रोगट पानांवर जातो. पानात शिरलेली बुरशी आपली प्रथिने यजमान पेशींत सोडून त्यांचा बचाव मोडते, आणि ही प्रथिने रुबिस्कोच्या ढिगाखाली दबलेली असतात. रक्तद्रवातल्या विरळ प्रथिनांसाठी बसवलेली पद्धत आम्ही इथे वापरतो आहोत: हव्या त्या पेप्टाइडची जड कार्बन आणि नायट्रोजन घालून केलेली जुळी प्रत ठरावीक प्रमाणात मिसळायची, आणि यंत्राला बाकी सगळे सोडून त्या जोडीवरच नजर ठेवायला लावायचे. काही बुरशीजन्य प्रथिने संसर्गाच्या सुरुवातीलाच, पानावर डाग दिसण्याआधी, पकडता येऊ लागली आहेत. पुढची तपासणी वेगवेगळ्या वाणांवर चालू आहे.