लहान मुलासाठी वेगळा स्वयंपाक नको, वेगळी फोडणी पुरे

घरात दीड-दोन वर्षांचं मूल असलं की बहुतेक घरांत नकळत दोन स्वयंपाक सुरू होतात. मोठ्यांची भाजी-आमटी वेगळी आणि मुलाचं 'काहीतरी बिनतिखट' वेगळं. कामावरून घरी आलेल्या माणसाला हे रोज जमत नाही. मग दूध-बिस्किटं किंवा पाकिटातले नूडल्स पुढे येतात, आणि दोन-तीन महिन्यांत मूल तेच मागू लागतं. यावर खात्रीचा उपाय एकच आहे: स्वयंपाक सगळ्यांचा एकच करायचा, फक्त मुलाचा वाटा कोणत्या टप्प्यावर काढायचा हे आधी ठरवायचं.

आमटीचं सोपं आहे. तूरडाळ हळद-हिंग घालून शिजली, घोटली, की मुलाची वाटी तिथेच बाजूला काढावी. तिच्यात अर्धा चमचा तुपात तडतडलेलं जिरं. उरलेल्या डाळीत मग चिंच-गूळ, गोडा मसाला, मीठ, मिरची. भाजीत मात्र अडतं, कारण मिरची किंवा तिखट आपण सुरुवातीच्या फोडणीतच घालतो आणि एकदा तेलात उतरलेला तिखटपणा काढता येत नाही. म्हणून क्रम उलटा करावा. भाजी तेल, मोहरी, जिरं, हळद एवढ्यावरच वाफवून घ्यावी, मुलाचा वाटा काढावा आणि मोठ्यांसाठी कढल्यात लसूण-मिरचीची फोडणी करून वरून ओतावी. लाल तिखट घालायचं तर आधी गॅस बंद करावा, नाहीतर ते जळून फोडणी कडवट होते. मीठही वाटा काढल्यावरच घालावं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या खाण्यात वरून मीठ घालायची गरज नाही. त्यानंतरही चिमूटभरच. साखर दोन वर्षांपर्यंत टाळलेलीच बरी.

रात्रीच्या जेवणाला मूगडाळीची आसट खिचडी सर्वांत भरवशाची. पाऊण वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, साडेचार वाट्या पाणी. एवढी दोन मोठी माणसं आणि एका मुलाला पुरते. डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवावेत. तुपात जिरं, हिंग, हळद, त्यावर किसलेलं गाजर किंवा दुधी, मग डाळ-तांदूळ आणि पाणी. मध्यम आचेवर चार शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. डाळीचं प्रमाण कमी करू नये. तांदळात लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो डाळ भरून काढते. नुसता मऊ भात भरवला तर पोट भरतं, पण हे मिळत नाही. कुकर निम्म्याहून जास्त भरला की डाळीचा फेस शिटीत अडकतो. चमचाभर तूप-तेल पाण्यात असलं की फेस बराच कमी येतो. खिचडी निवताना घट्ट होते आणि मूल तो गोळा तोंडातून बाहेर काढतं. चवीला दोष देण्याआधी दोन-तीन चमचे गरम पाणी घालून ढवळून पाहावं, पुष्कळदा तक्रार तिथेच संपते. वाढताना लिंबाचे चार थेंब पिळावेत. डाळी-धान्यांतलं लोह क जीवनसत्त्वासोबत चांगलं शोषलं जातं.

डब्यासाठी हिरव्या मुगाचं धिरडं. एक वाटी मूग आणि दोन मोठे चमचे तांदूळ रात्रभर भिजवून सकाळी आलं, जिरं, मूठभर पालक घालून बारीक वाटावेत. तांदळाने धिरडं सुटं निघतं. पीठ पळीवरून सावकाश ओघळेल इतपतच पातळ हवं. तव्यावर फाटत असेल तर पीठ फार पातळ झालंय किंवा वाटण जाडसर राहिलंय. पसरवताना पीठ पळीलाच चिकटत असेल तर तवा जास्त तापलाय, पाण्याचा हबका मारून पुसून घ्यावा. थालीपिठाला काकडी किसून घालतात तेव्हा वेगळीच गोष्ट बिघडते: मीठ लागलं की काकडी पाणी सोडते आणि पीठ सैल होतं. आधी काकडी आणि भाजणी मळून दहा मिनिटं ठेवावी, मग लागलं तरच पाणी.

नाचणीसाठी थोडा खटाटोप करावा, तो सार्थकी लागतो. बारा तास भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, मंद आचेवर कोरडं भाजून दळायचं आणि चाळायचं. मोड आल्यावर लोह-कॅल्शियम अडवणारं फायटेट कमी होतं. शिवाय खीर पातळ राहते, म्हणून तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं. लहान पोटाला हाच मोठा फायदा. एक मोठा चमचा पीठ आधी पाव वाटी थंड पाण्यात कालवावं, मग पाऊण वाटी उकळत्या पाण्यात ओतून सतत ढवळत पाच-सात मिनिटं शिजवावं. कोरडं पीठ थेट गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या ठरलेल्या. गोडीला कुस्करलेलं केळं किंवा भिजवून वाटलेला खजूर. वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातून बाळाला बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

एवढं करूनही मूल जेवत नसेल तर आधी घड्याळ पाहावं. जेवणाआधीच्या दीड-दोन तासांत दूध, बिस्किट, चुरमुरे, फरसाण काही गेलं असेल तर भूक उरत नाही. दुधाचा पेला हे इथलं सर्वांत मोठं कारण आहे, आणि आजी-आजोबांशी याबद्दल प्रेमाने, पण स्पष्ट बोलायला हवं. वर्षापुढच्या मुलाला दिवसाला सुमारे अर्धा लिटर दूध पुरे. त्याहून जास्त झालं की जेवण आणि त्यासोबत लोह मागे पडतं. ताटात आधी थोडंच वाढावं, दोन वर्षांच्या मुलाला भाजी दोन चमचे. मागितलं तर आणखी. नवी भाजी पहिल्यांदा नाकारली जाणारच. आठ-दहा वेळा ती ताटात, जबरदस्ती न करता, दिसू द्यावी. मोबाइल दाखवून भरवलेले घास मोजायला बरे वाटतात, पण पोट भरल्याची जाणीव मुलाला होत नाही.

चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नयेत. घशात अडकतात. दाण्याचं बारीक कूट, उभी चिरलेली द्राक्षं, वाफवलेलं गाजर चालतं. उरलेला भात शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. बाहेर राहिलेल्या भातात जंतूंचं जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

आणि मुलांना हाताशी घ्यावं. दोन वर्षांचं मूल पाण्यात बटाटे धुतं, तिसऱ्या वर्षी मटार सोलायला लागतं, चार-पाच वर्षांचं कोथिंबीर निवडतं, लाट्या करतं, पिठाची वाटी मोजून घालतं. स्वतः सोललेले मटार मुलं कच्चेच तोंडात टाकतात, तेव्हा शेजारी बसून लक्ष ठेवावं आणि दाणे दाबून चपटे करून द्यावेत. सुरी, विळी आणि फोडणीच्या वेळचा ओटा मात्र मोठ्यांचाच.