दावीदाने विचारलं नाही, एलीने नुसतंच विचारलं

संडे स्कूलच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवा, बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचं पहिलं वचन तो घडाघडा म्हणून दाखवेल. मुलांनो, आईबापांच्या आज्ञेत राहा. आता त्याच्या बापाला त्याच अध्यायातलं चौथं वचन विचारा. बाप खोकायला लागतो. ते वचन बापांसाठी आहे: मुलांना चिडवू नका, प्रभूच्या शिस्तीत आणि शिक्षणात त्यांना वाढवा. पाठांतराची बक्षिसं आम्ही दरवर्षी मुलांना देतो, बापांसाठी ठेवलेलं बक्षीस काही मी अजून पाहिलेलं नाही.

सोलापुरात माझी बरीच वर्षं हा वर्ग घेण्यात गेली. तेव्हा माझ्याकडून रंगीत खडू मागून नेणारी पोरं आता स्वतःची पोरं घेऊन येतात, आणि उपासना सुटल्यावर गेटाशी गाठून हळूच विचारतात, "मावशी, मारायचं की नाही, सांगा की ओ." मध्यंतरी एकाने मोबाइल पुढे केला. कुणी उपदेशक तावातावाने नीतिसूत्रे १३:२४ सांगत होता: जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी. खाली शेकडो लोकांनी 'आमेन' लिहिलेलं. हा बाप गोंधळलेला, कारण मुलाच्या शाळेत मारायला बंदी (२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे), आणि इथे मात्र शास्त्र, म्हणजे बायबलच, छडी हातात देतंय.

ते वचन शास्त्रात नाही असं मी कधी सांगत नाही. आहे, आणि त्याच पुस्तकात तसली आणखीही आहेत. पण पुस्तक उघडलंच आहे तर चार पानं पुढे जा. १७:१० मध्ये म्हटलंय की मूर्खाला शंभर फटके मारून जे कळत नाही, ते समजदाराला एका धमकावणीने कळतं. म्हणजे ज्यांनी छडीचं लिहिलं त्यांना छडीची मर्यादाही ठाऊक होती. छडीवाल्या वचनाचा उत्तरार्धही लोक गाळतात. जो प्रीती करतो तो वेळेवर शिक्षा करतो, असा त्याचा रोख आहे. मार खाल्लेल्या पोरांना मी 'का मारलं' असं विचारते तेव्हा बहुतेकदा उत्तर येतं, "पप्पांचं डोकं फिरलं होतं." ही वेळेवरची शिक्षा नव्हे, ही पप्पांची वेळ होती.

या वचनांवर वाद घालण्यापेक्षा मी लोकांना शास्त्रातल्या बापांकडे नेते. तिथे फारशी शोभा नाही. याकोबाने एकाच मुलाला झगा शिवला आणि बाकीच्या दहांच्या मनात विष कालवलं. इसहाकाला एक मुलगा लाडका, त्याच्या बायकोला, रिबकेला, दुसरा. ज्याच्या स्तोत्रांवर आपण वाढलो तो दावीद राजा तर बाप म्हणून अगदीच कच्चा. त्याचा मुलगा अदोनीया 'मीच राजा होणार' म्हणून रथ आणि घोडेस्वार गोळा करू लागतो, त्या ठिकाणी १ राजे १:६ मध्ये एक वाक्य जाता जाता टाकलेलं आहे: बापाने त्याला आयुष्यात कधी 'तू असं का केलंस' असं विचारून दुखवलं नव्हतं.

दावीदाने मुलाला मारलं नाही म्हणून तो बिघडला, असं तिथे लिहिलेलं नाही. विचारलं नाही, असं लिहिलंय.

दावीदाचा दुसरा मुलगा अबशालोम, त्याचंही तेच. अबशालोमाच्या बहिणीवर अत्याचार करणाऱ्या सावत्र भावावर, अम्नोनावर, दावीद संतापला, एवढंच २ शमुवेल १३ मध्ये आहे. संतापला आणि गप्प बसला. अबशालोमाने दोन वर्षं मनात ठेवलं, मग त्या भावाला जेवायला बोलावून ठार करवलं, तीन वर्षं परमुलखात काढली, परत आल्यावर यरुशलेमातच दोन वर्षं बापाचं तोंड पाहिलं नाही. या सगळ्या वर्षांत बाप आणि मुलगा या गोष्टीवर समोरासमोर बसून बोलल्याचं कुठेच सापडत नाही. शेवटी बंड, आणि वेशीवरच्या माडीत 'माझ्या पुत्रा अबशालोमा' म्हणून रडणारा म्हातारा राजा.

इथवर सांगितलं की आजकालच्या आयांना बरं वाटतं. म्हणजे विचारायचं, समजावायचं, झालं. मग मी त्यांना एलीकडे नेते.

एली हा म्हातारा याजक, म्हणजे देवाच्या निवासमंडपातला पुजारी. तो विचारतो. १ शमुवेल २:२३ मध्ये तो आपल्या मुलांना, हफनी आणि फिनहास यांना, चक्क विचारतो, "तुम्ही असं का करता?" ती दोघंही याजक असून अर्पणाचं मांस देवाआधी स्वतःला काढून घेत, निवासमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांशी वाईट वागत. गावभर बोभाटा. म्हातारा विचारतो, समजावतो, देवाची भीती घालतो, आणि मुलांना त्याच जागी, त्याच कामावर राहू देतो. देवाचा ठपका त्याच्यावर येतो तो यासाठी: मुलं काय करतात हे ठाऊक असून त्याने त्यांना आवरलं नाही. शिवाय त्या मांसावर घरातली सगळीच पुष्ट झाली होती, एलीसुद्धा. हा टोमणा शास्त्राने सोडलेला नाही, मीही सोडत नाही. पोरगा रात्री दोनपर्यंत मोबाइल बघतो म्हणून रडणारी आई मला भेटते, तेव्हा त्याच वेळी तिच्या हातात काय असतं हे मी विचारते.

दावीदाने विचारलं नाही, एलीने विचारून पुढे काही केलं नाही. शिस्त म्हणजे ही दोन्ही कामं, आणि दोन्ही कंटाळवाणी आहेत. फटका मारायला दोन सेकंद लागतात, म्हणून तो लोकप्रिय.

आमच्या घरातलंच सांगते. सोलापूरकराला पाण्याचं वेगळं सांगायला नको. उजनी भरलेली असो की रिकामी, आमच्या नळाला पाणी काही दिवसांआडच. पाणी सुटायचं त्या दिवशी घरात कुणी आजारी पडत नाही, कुणी परगावी जात नाही. आमचा एक पुतण्या तेव्हा आठवी-नववीत असेल. आम्ही मोठी माणसं एका मयतीला गेलो होतो आणि पिंप, घागरी, हंडे भरायचं काम त्याच्यावर सोपवलं होतं. परत येऊन बघतो तर पिंप कोरडं ठणठणीत आणि साहेब पार्कवर क्रिकेट खेळतायत. माझ्या दिराने पट्ट्याला हात घातला. सासरे कॉटवर बसले होते. मिलमध्ये जन्म काढलेला माणूस, आवाज जात्याच मोठा, पण त्या दिवशी आवाज न चढवता म्हणाले, "आधी त्याला विचार."

"का भरलं नाहीस?"

"विसरलो."

"पाणी विसरतं का कुणी सोलापुरात? खरं सांग."

बराच वेळ खाली मान. मग बाहेर आलं. गल्लीतली पोरं त्याला घागर उचलताना 'वैनी' म्हणून हाक मारत होती. सारखी. म्हणून पाणी सुटल्यासुटल्या तो तिथून पळाला होता.

माझी जाऊ विरघळली, म्हणाली जाऊ दे, लहान आहे. सासऱ्यांनी तिलाही थांबवलं. पुढचं पाणी येईपर्यंत हापशावरून घरचं पाणी त्याने आणायचं, असं ठरलं. आणि त्याच्याबरोबर त्याच्या बापानेही. दीर चिडले, ड्यूटीवरून येऊन मी घागरी वाहू का? "वाहा," सासरे म्हणाले, "गल्लीला दिसू दे पाणी कोण भरतं ते." मग संध्याकाळी दोघं हापशावर, एक दांडा मारतोय, एक घागर लावतोय. दिराला कुणी 'वैनी' म्हणायची बिशाद नव्हती. म्हणून पोरगा एकदम शहाणा झाला असं नाही. पुढच्याच परीक्षेत गणिताचा पेपर लपवला, आणि पुन्हा विचारावं लागलं. पण पट्ट्याने 'वैनी' ही गोष्ट बाहेर आली नसती, हे मी पैजेवर सांगेन.

अनुवाद ६:७ मध्ये आज्ञा मुलांच्या मनावर कशा ठसवायच्या ते सांगितलंय: घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. याचा अर्थ रोज संध्याकाळी अर्धा तास प्रार्थना, असा आमच्याकडे घेतला जातो. प्रार्थना हवीच. पण 'वाटेने चालताना' यात हापसाही येतो.

आता एक अडचणीचा मुद्दा. दहा आज्ञांमधली पाचवी, आईबापांचा मान राख, शिकवताना माझी जीभ थोडी अडखळते, कारण आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समाजच, घरच्यांचं न ऐकणाऱ्यांनी उभी केलेली आहे. लेखक बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो वडिलांच्या मनाविरुद्ध. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये घेतला तेव्हा घर उलटंपालटं झालं. आमच्या पणज्या-खापरपणज्यांच्या गोष्टी इतक्या प्रसिद्ध नाहीत, पण त्यांच्याही आयांनी चुलीपुढे बसून कपाळ बडवून घेतलं असणार. आज त्यांच्याच नातवंडांनी दुसऱ्या मंडळीत जायचं म्हटलं, तरी आपण 'आज्ञेत राहा' म्हणून वचन फेकतो! पौलाने 'प्रभूमध्ये' आज्ञेत राहा असं लिहिलं, आणि येशूच्या प्रेषितांनीही न्यायसभेपुढे सांगितलं की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. आईबापांच्या अधिकाराला वर छत आहे. रोमी कायद्यात बापाला मुलांच्या जिवावरही हक्क होता. त्या काळात सगळ्या मंडळीपुढे वाचायच्या पत्रात मुलांशी थेट बोलायचं, आणि लगेच बापाला 'चिडवू नका' म्हणून बजावायचं, याला धाडस लागतं. कलस्सैकरांस पत्रात तर कारणही दिलंय: नाहीतर ती खिन्न होतील. खिन्न झालेलं पोर मला वर्गात ओळखू येतं. ते दंगा करत नाही. सगळे त्याला गुणी म्हणतात.

आणि ही आज्ञा नुसत्या पोरांसाठी आहे हे तरी कुणी ठरवलं? ती ऐकायला सिनाय पर्वताखाली उभे होते ते मोठे बाप्ये आणि बाया. मार्क ७ मध्ये येशू परूश्यांना, म्हणजे नियमांवर बोट ठेवणाऱ्या यहूदी धर्मपुढाऱ्यांना, झापतो ते याच आज्ञेवरून. म्हाताऱ्या आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं, असं सांगून लोक हात वर करत होते. आमच्याकडची निम्मी तरुण पिढी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेली. पैसे येतात, नाही असं नाही. पण वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि तिथल्या मंडळीचं शिबिर एकाच आठवड्यात आलं तर शिबिराला जाणारे माझ्या माहितीत आहेत, आणि ते आपल्या मुलांना पाचवी आज्ञा पाठ करायला लावतात.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं आणि माझं मात्र अजून एका गोष्टीवर जमलेलं नाही. मे महिन्यात व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, असते, उन्हामुळे सकाळी सातलाच सुरू करतो. यंदा मी आज्ञापालनावर पाठ घेणार म्हटलं. त्यांनी एलीपाशी वाढणाऱ्या आणि रात्री देवाची हाक ऐकणाऱ्या लहान शमुवेलाची गोष्ट सुचवली, 'बोल प्रभू, तुझा दास ऐकत आहे.' गोड गोष्ट आहे, दरवर्षी घेतो. पण त्या रात्री शमुवेलाला देवाने जो निरोप दिला तो एलीच्या घराविषयी होता, आणि नेमकं तेच आम्ही मुलांना सांगत नाही. मी म्हटलं, यंदा पूर्ण सांगू, आणि त्या दिवशी आईबापांनाही बोलवू. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, मुलांसमोर आईबापांना असं ऐकवायचं का?" मी म्हटलं, पौलाने ऐकवलंच होतं की. अजून हो आलेलं नाही, नाहीही आलेलं नाही. मी बाकं मोजून ठेवली आहेत. मागच्या दोन रांगा मोठ्यांसाठी, फोन बाहेर टेबलावर ठेवायचे, माझासुद्धा.