दुसऱ्या धक्क्याची वाट पाहताना

जपानात राहणारी कोकणी व्यक्ती सुट्टीत गावी आली की तिला दोन प्रश्न हमखास विचारले जातात: तिकडे मासे खरेच कच्चे खातात का, आणि भूकंप झाला की तुम्ही काय करता? पहिल्याचे उत्तर एका वाक्यात संपते. दुसऱ्याचे उत्तर ओटीवर बसून चहा संपेपर्यंत देता येत नाही, म्हणून ते येथे लिहीत आहे. आणि त्याला निमित्त मी राहते त्या चिबा प्रांतातल्या धक्क्यांचे नसून गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या खाडीकाठी असलेल्या आमच्या घरी जाणवलेल्या कोयनेच्या हादऱ्यांचे आहे.

दिवाळी उलटून गेल्यावरची पहाट होती. आधी मांडणीवरच्या पितळी डब्यांची झाकणे बारीक किणकिणली, आणि ती थांबतात न थांबतात तोच वासे करकरले, कौले खडखडली आणि खाट आडवी हलली. आमचे घर कोयनानगरपासून हवाई अंतराने सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. भूकंपाची पहिली लाट कठीण खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने येते आणि जास्त हलवणारी दुसरी लाट साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने, त्यामुळे आमच्याकडे त्या दोहोंमध्ये पाच-सहा सेकंदांचे अंतर पडते. जपानातली पूर्वसूचना देणारी यंत्रणा नेमक्या या दोन लाटांमधल्या अवधीवरच चालते. आमच्या आत्याला लाटांची ही विद्या ठाऊक नाही, पण झाकणे वाजताच ती उठून बसली होती.

मिनिटभरात अख्खी वाडी खळ्यांत, म्हणजे घरापुढच्या अंगणांत, उभी होती. पुरुषमंडळी विजेरी घेऊन छपराकडे पाहत होती, शेजारच्या काकू नातवंडांची डोकी मोजत होत्या, आणि प्रत्येक घरातले कोणी ना कोणी चिपळूणला, पोफळीला किंवा पाटणला फोन लावून ‘तुमच्याकडे किती जोरात?’ असे विचारत होते. सगळ्यांनी एकदम फोन लावल्यामुळे कोणाचाच लागत नव्हता. अर्ध्या तासाने आणखी एक हलका धक्का आला, आणि मग उजाडेपर्यंत घरात जायचे नाही असे न बोलताच ठरले. चहादेखील परसातल्या न्हाणीच्या चुलीवर झाला. दिवसभर येणाजाणाऱ्याची नजर ओटीवरच्या झोपाळ्याकडे वळत होती, कारण एकदा जमीन हलली की पुढे बराच वेळ ती हलतेच आहे असा भास होतो आणि लोंबती वस्तू पाहूनच खरेखोटे करता येते. मुलांनी झोपाळ्यावर बसू नये असा त्या दिवशी अण्णांचा हुकूम होता. चिबातल्या माझ्या घरी हेच काम छताच्या दिव्याची दोरी करते. तीही कोणी उगाच हलवलेली मला चालत नाही.

खळ्यातल्या त्या बैठकीत अर्थातच १९६७ निघाले. ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेला झालेल्या भूकंपाची तीव्रता निरनिराळ्या मोजण्यांनुसार ६.३ ते ६.६ इतकी होती. त्यात सुमारे १८० माणसे दगावली आणि कोयनानगरची बहुतेक घरे पडली. अण्णा तेव्हा शाळकरी होते. त्या हिवाळ्यात वाडीतली माणसे किती तरी रात्री खळ्यातल्या मांडवाखाली झोपली, हे ते सांगतात. आणि दर वेळी एक वाक्य जोडतात: ‘पहिला आला तेव्हा कोणी मनावर घेतला नाही, मोठा नंतर आला.’ म्हातारपणी आठवणी सोयीने जुळवल्या जातात, असे येथे वाटू शकेल. पण १३ सप्टेंबर १९६७ रोजी कोयना परिसरात पाचपेक्षा अधिक तीव्रतेचा धक्का खरोखरच बसला होता, आणि डिसेंबरचा संहारक भूकंप त्यानंतर तीन महिन्यांनी झाला.

म्हणून ‘मोठा अजून यायचाय’ ही आपल्याकडची भीती अडाणीपणाची आहे, असे मी तरी म्हणणार नाही. हीच गोष्ट जपानला २०१६ साली पुन्हा शिकावी लागली. त्या वर्षी १४ एप्रिलच्या रात्री कुमामोतो प्रांतात ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. हाच मुख्य भूकंप, आता येतील ते त्याच्या मागचे छोटे धक्के, अशा समजुतीने अनेकजण घरी परतले. आणि १६ एप्रिलला रात्री १ वाजून २५ मिनिटांनी ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. घरे पडून वगैरे थेट मृत्युमुखी पडलेल्या ५० जणांपैकी बहुतेकांचा जीव या दुसऱ्या भूकंपाने घेतला. त्यानंतर तेथील हवामान संस्थेने आपल्या निवेदनांची भाषाच बदलली. आता मोठा भूकंप झाला की पुढचे धक्के लहान असतील असे सुचवणारे काही बोलले जात नाही. साधारण आठवडाभर तेवढ्याच जोराचे हादरे येऊ शकतात, त्यातही पहिले दोन-तीन दिवस अधिक जपा, एवढेच सांगितले जाते. अण्णांचे वाक्य आणि हे निवेदन यांत मला फारसा फरक दिसत नाही.

फरक आहे तो त्या भीतीला आकार कोण देते यात. आमच्या खळ्यात सूर्य वर येईस्तोवर मोबाइलवर निरोप फिरू लागला की आज रात्री दोन वाजता ८ तीव्रतेचा भूकंप होणार आहे. भूकंपाची वेळ सांगण्याची विद्या जपानातही नाही आणि जगात कोठेही नाही. तरीही वाडीतली दोन कुटुंबे अंथरुणे घेऊन शाळेच्या पटांगणात गेली. मी त्यांना हसले नाही. अधिकृत माणसे गप्प बसली की ती जागा अफवा भरून काढते, आणि आपल्याकडे वाडीपर्यंत पोहोचणारी अधिकृत माहिती म्हणजे बहुधा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला रिश्टरचा एक आकडा. तो आकडा उगमाशी किती ऊर्जा सुटली ते सांगतो. माझ्या घरात किती हलले ते सांगत नाही. जपानात धक्का थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच दूरचित्रवाणीच्या पडद्यावर गावागावाची हादऱ्याची श्रेणी येते. ही श्रेणी ० ते ७ अशी असून ५ आणि ६ यांचे प्रत्येकी दोन भाग केल्यामुळे एकूण दहा पायऱ्या होतात. आपल्या गावाला ३ दिसले की शेजारीण पुन्हा भांडी घासू लागते. तिचे हे धैर्य जन्मजात आहे, असे आपल्याकडे उगाच समजले जाते. तिला काय झाले ते लगेच कळते, इतकेच.

मोठ्या भूकंपामागून येणाऱ्या धक्क्यांबद्दल आणखी एक सांगण्याजोगे. जपानातल्या १८९१ च्या नोबी भूकंपानंतरच्या नोंदी अभ्यासून भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिचि ओमोरी यांनी १८९४ मध्ये दाखवून दिले की असे धक्के काळाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होत जातात; म्हणजे पहिल्या दिवशी शंभर आले तर दहाव्या दिवशी साधारण दहा. हा हिशेब ऐकून वाडीतल्या एका वहिनींनी विचारले, ‘मग कोयनेचे साठ वर्षांत संपले कसे नाहीत गो?’ प्रश्न अगदी नेमका होता. कोयनेचे धक्के हे केवळ १९६७ चे उरलेसुरले नव्हेत. १९६२ च्या सुमारास कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागल्यापासून तेथे भूकंप होत आहेत, आणि पावसाळ्यात पाणी वर चढले की त्यानंतरच्या महिन्यांत त्यांची संख्या वाढलेली दिसते. पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत मुरणारे पाणी यांमुळे आधीच ताणलेले खडक सरकतात, असे शास्त्रज्ञ मानतात. त्याच जलाशयाचे पाणी बोगद्यांतून वीजघरे फिरवत घाटाखाली उतरते आणि वाशिष्ठीला मिळून आमच्या खाडीत येते, त्यामुळे कोयनेशी आमचा संबंध दोन्ही अंगांनी आहे.

राहिला प्रश्न ‘काय करता?’ याचा. जपानात टेबलाखाली शिरतात हे खरे, पण ती सूचना कडक नियमांनी बांधलेल्या घरांसाठी आहे. आपल्याकडच्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या, मातीत रचलेल्या जड भिंती आणि दोन पावलांवर असलेले दार पाहता बाहेर धावणे मला गैर वाटत नाही. मात्र धावून वळचणीखाली थांबणे फार गैर, कारण नुसती टेकवलेली मंगलोरी कौले तेथेच घसरून पडतात. आणि त्या पहाटे आमच्यातले निम्मे वळचणीखालीच उभे होते. चिबात कपाटे छताला टेकू देऊन किंवा भिंतीला लोखंडी कोन ठोकून पक्की केलेली असतात, आणि श्रेणी ५ च्या आसपासचा हादरा बसताच गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. येथे सिलिंडरची कळ हातानेच फिरवावी लागते, आणि रात्री निजताना ती फिरवायला पैसे पडत नाहीत.

परतण्यापूर्वी भावाने मांडणी भिंतीला आवळली आणि माळ्यावरचे तांब्याचे हंडे माझ्या आग्रहाने खाली आले. नारळांचा ढीग मात्र आईच्या खाटेच्या बरोबर वर, माळ्यावरच राहिला. जमिनीवर ठेवले तर ओल धरून त्यांना कोंब फुटतात, असे तिचे म्हणणे. शेवटी आम्ही खाटच दाराजवळ सरकवली.