बदकांची पिसं गळायला लागली आणि माझा उडालेला गोंधळ

त्या दिवशी सकाळी खुराडं उघडलं तर आत उशी फाटल्यासारखी पिसंच पिसं. आधी वाटलं रात्री काहीतरी शिरलं आणि एखादं उचलून नेलं, पण मोजली तर पाचही जागेवर, रक्ताचा थेंब नाही, फक्त सगळी रुसल्यासारखी कोपऱ्यात बसलेली.

खरंतर नराचं आधीच सुरू झालं होतं, मलाच कळलं नव्हतं. त्याचं हिरवंगार डोकं हळूहळू मळकट तपकिरी होत गेलं, मग शेपटीवरची ती वर वळलेली पिसंही गळाली, आणि चार माद्यांमध्ये नर कुठला हे फक्त आवाजावरून ओळखायचं, कारण मादी ठणठणीत क्वॅक करते आणि नर घसा बसल्यासारखा घोगरा बोलतो. त्यात अंडी एकदम बंद. मी ठरवूनच टाकलं की आजार आहे, आणि अंडी नाहीत म्हणजे कॅल्शियम कमी, म्हणून लेयर फीडमध्ये (अंडी देणाऱ्या पक्ष्यांचं खाद्य) वरून शिंपल्यांचा चुरा मिसळायला लागलो.

डॉक्टरांना फोटो दाखवले तर ते हसले, मोल्टिंग आहे म्हणे, म्हणजे जुनी पिसं गळून नवी येणं. शिंपल्यांचं ऐकून मात्र हसायचे थांबले. अंडी न देणाऱ्या बदकाला एवढं कॅल्शियम नकोच असतं, नराला तर नाहीच, उलट किडनीवर ताण येतो. आत्ता लागतं ते प्रोटीन, कारण पीस म्हणजे 85 ते 90 टक्के प्रोटीनच, आणि लेयर फीडमध्ये ते साधारण 16 टक्के असतं. मग 18 ते 20 टक्क्यांचं साधं फीड आणलं, चुरा वेगळ्या वाटीत ठेवला, ज्याला हवा तो खाईल. कोंबड्यांचं फीड असल्यामुळे त्यात थोडं ब्रुअर्स यीस्ट घालायचो, बदकांना त्यातलं नायसिन (बी-3 जीवनसत्त्व) कोंबड्यांपेक्षा जास्त लागतं, कमी पडलं तर पाय अधू होतात. वरून खाऊ म्हणून उकडलेलं अंडं, मटार, कधी माशाचे बारीक तुकडे. अंडं कुस्करून टाकलं की रुसवा बिसवा सगळा विसरून अंगावर धावून यायची.

पण सगळ्यात मोठी चूक खाण्यातली नव्हतीच, हातातली होती. काळजीपोटी मी रोज एकेकाला धरून पंख उघडून बघायचो. नवीन पीस आधी काडीसारखं येतं, आत रक्त असतं आणि दाबलं की दुखतं. एकीने झटका दिला आणि तसली एक काडी तुटली, एवढ्याशा पिसातून इतकं रक्त येईल असं वाटलं नव्हतं!! कॉर्नफ्लॉर दाबून धरल्यावर थांबलं. त्यानंतर हात लावणं बंद, लांबूनच बघायचं. काड्या दिसतायत म्हणजे ठीक, पण कातडी लाल आहे, टक्कल पडलंय आणि काड्याच नाहीत, तर उवा किंवा नराची दांडगाई, ते वेगळं प्रकरण.

पाण्याचं मात्र जपलं. अख्खं डोकं बुडेल एवढा टब, कारण डोळे नाकपुड्या त्यातच धुतात आणि कोरडं फीड गिळायलाही शेजारी पाणी लागतंच. गंमत म्हणजे या दिवसांत बदकच भिजतं, पिसं विरळ झाल्यामुळे पाणी आत जातं, एकदा पावसात दोघी चक्क कुडकुडताना दिसल्या. तेव्हापासून खाली रोज कोरडा पेंढा. पंखांची मोठी पिसं तर जवळजवळ एकदमच गळतात, त्यामुळे थोडंफार उडणारी बदकंही तेव्हा पळून जाऊ शकत नाहीत, म्हणून अंधार पडायच्या आत कडी लावायची.

माद्यांना साधारण सात आठवडे लागले. नराच्या शेपटीवरची वळलेली पिसं सगळ्यात शेवटी आली आणि ती आल्यावर दोन दिवस स्वारी नुसती मिरवत होती. अंडी त्यानंतरही लगेच नाही आली, पहिलं मिळालं तेव्हा कुठे परत लेयर फीडचं पोतं उघडलं, तेही जुन्यात थोडं थोडं मिसळत.